एएनए पॉझिटिव्ह आलं खरं, पण आधी प्लेटलेट पुन्हा मोजून घ्या

पत्र: वय ३६, कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते. घरी कांदा-लसूण चटणी करून विकते. चार महिने झाले, जिना चढला की धाप लागते, केस मुठीनं गळतात, सकाळी हाताची बोटं आखडलेली असतात. शेजारणीनं सांगितलं म्हणून ७२ तपासण्यांचं पॅकेज केलं. रक्त काढताना दंडावर दोन ठिकाणी टोचलं. हिमोग्लोबिन ९.२, पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट ९२,०००, ईएसआर ५२, सीआरपी ३, आरए फॅक्टर २४, टीएसएच ०.३ आणि एएनए पॉझिटिव्ह (१:१००, स्पेकल्ड, १+). भाच्यानं मोबाईलवर ल्युपसचे गुण मोजले, १० ला ल्युपस धरतात आणि माझे १२ भरले म्हणाला. नणंद म्हणते रक्ताचा कॅन्सर असेल, मिरजेला चल. लॅबवाले आता एएनए प्रोफाइल करा म्हणतायत, त्याचे पैसे बरेच आहेत. करू का? केसांसाठी बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज घेते, ती चालू ठेवू ना? मुलगी ११ वर्षांची आहे, तिचंही रक्त तपासून घेऊ का?

उत्तर:

ताई, तुम्ही रिपोर्टचं नुसतं पहिलं पान न पाठवता सगळी पानं पाठवलीत हे फार बरं झालं. कामाचं जे आहे ते दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे. ते वाचून आधी सरळ उत्तर देतो. या कागदांवरून तुम्हाला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे असं म्हणता येत नाही आणि कॅन्सर तर मुळीच म्हणता येत नाही. शरीरात लोह कमी पडलंय हे मात्र जवळजवळ उघड आहे. प्लेटलेटच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशीकेंद्राला चिकटणाऱ्या अँटिबॉडींची तपासणी; तिचं पुढचं प्रोफाइल सध्या थांबवा, ते पैसे आधी दुसरीकडे लागणार आहेत.

पॅकेजबद्दल दोन शब्द. रिपोर्टवर जी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोकांचे आकडे ज्यात बसतात ती. म्हणजे धडधाकट माणसाचाही कुठलाही एक आकडा चुकून रेंजबाहेर जायची शक्यता २० मध्ये १ असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर किमान एक तरी आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. ७२ तपासण्यांत एकही ठळक आकडा आला नाही तर ते नवल. तुम्हाला त्रास होतोय, तेव्हा तपासणी हवीच होती. पण त्रास ऐकून निवडलेल्या आठ-दहा तपासण्या आणि पोत्यानं घेतलेल्या ७२ यांत फरक आहे.

आता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. हिमोग्लोबिन ९.२, तांबड्या पेशी ४३ लाख, एमसीव्ही ६९, आरडीडब्ल्यू १८.४. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० च्या दरम्यान असायला हवं. तुमच्या पेशी लहान आहेत, शिवाय आरडीडब्ल्यू वाढलाय म्हणजे त्या एकसारख्या नाहीत, लहान-मोठ्या मिसळलेल्या आहेत. लोह हळूहळू संपत जातं तेव्हा असंच चित्र दिसतं. दुसरी शक्यता थॅलसेमिया मायनरची, म्हणजे आईबापांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाची. ती चाचपायला सोपा भागाकार आहे: एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येनं (दहा लाखांत) भागायचं. ६९ भागिले ४.३ म्हणजे १६. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलसेमिया मायनरकडे बोट जातं, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. हा नुसता अंदाज आहे, निदान नव्हे. लोह भरून झाल्यावरही एमसीव्ही लहानच राहिला तर एचपीएलसी तपासणीत एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) बघावं लागतं, ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की मायनर. हे आधी करण्यात अर्थ नाही, कारण लोह कमी असताना एचबीए२ खाली दबतं आणि मायनर असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

आणि इथंच प्लेटलेटचा आकडा खटकतो. लोह कमी असलेल्या माणसाच्या प्लेटलेट सहसा नॉर्मल किंवा उलट वाढलेल्या असतात, चार-पाच लाखसुद्धा. तुमच्या ९२,००० आहेत. दुसऱ्या पानावर त्या आकड्यापुढं एक चांदणी आहे आणि खाली मशीननं स्वतःच छापलंय, 'पीएलटी क्लम्प्स?'. मशीन सांगतंय की मला गुठळ्यांची शंका येतेय, कुणीतरी डोळ्यांनी बघा. त्या ओळीखाली स्मिअरचा, म्हणजे काचेवर पसरून बघितलेल्या रक्ताचा, शेरा असायला हवा होता. जागा कोरी आहे.

होतं असं. सीबीसीचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात. त्या नळीत ईडीटीए असतं, त्यानं रक्त गोठत नाही. काही थोड्या लोकांच्या रक्तात अशी एक अँटिबॉडी असते की ईडीटीए मिळालं की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात काही बिघडलेलं नसतं, हा खेळ नळीतला. मशीन एकेक कण मोजतं, त्याच्या लेखी वीस प्लेटलेटचा पुंजका म्हणजे प्लेटलेट नव्हेच, त्यामुळे आकडा पडतो. दुसरं कारण याहून साधं आणि जास्त वेळा आढळणारं: शीर नीट सापडली नाही, सुई हलवत हलवत रक्त ओढलं, नळी भरल्यावर ती लगेच आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी केली नाही, की आत बारीक गाठी धरतात आणि प्लेटलेट त्यांत अडकतात. तुमच्या दंडावर दोन ठिकाणी सुई टोचली होती असं तुम्हीच लिहिलंय.

याची शहानिशा कशी करायची ते नीट सांगतो, कारण तुमच्या सगळ्या घोळाची किल्ली तिथं आहे. लॅबमध्ये सांगा: 'सीबीसी पुन्हा हवा, सोबत निळ्या बुचाच्या नळीत प्लेटलेट काउंट हवा आणि पेरिफेरल स्मिअर पॅथॉलॉजिस्टनं स्वतः बघून शेरा लिहून हवा.' निळ्या नळीत सोडियम सायट्रेटचं द्रावण असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण ठरलेलं, म्हणून ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. द्रावणानं रक्त तेवढं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं. निळ्या नळीत १,७५,००० आले तर खरा आकडा सुमारे १,९२,०००. हा गुणाकार काही ठिकाणी करायचा राहून जातो, तेव्हा विचारून घ्या.

स्मिअर म्हणजे काचेवर रक्ताचा छोटा थेंब ठेवून दुसऱ्या काचेनं तो साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात एका झटक्यात पसरायचा. चांगला स्मिअर अंगठ्याच्या आकाराचा होतो आणि टोकाला पिसासारखा विरळ. मग लिश्मन रंग दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफरचं पाणी आठ-दहा मिनिटं, धुवायचं, वाळवायचं आणि तेल घालून १०० च्या भिंगाखाली बघायचं. पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात अशा भागात एका दृश्यात दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५,००० चा काउंट. दहा ठिकाणी मोजून सरासरी १२ आली तर काउंट १,८०,००० च्या आसपास, मशीन काहीही म्हणो. गुठळ्या मात्र या मधल्या भागात सापडत नाहीत, त्या पिसासारख्या टोकाकडं ओढल्या जातात. घाईत मधलाच भाग बघितला की 'प्लेटलेट कमी' हाच शेरा पडतो. स्मिअर रक्त काढल्यापासून दोन-तीन तासांत झालेला बरा. गडहिंग्लज-चंदगडच्या कलेक्शन सेंटरवरून रात्रीच्या गाडीनं आलेल्या नळीतल्या तांबड्या पेशींना काटे फुटतात, पांढऱ्या पेशींत पोकळ्या पडतात आणि वाचणारा फसतो. तुम्ही शहरातच आहात, जिथं स्मिअर करतात तिथंच जाऊन रक्त द्या.

आता समजा दोन्ही तपासण्यांत प्लेटलेट खरोखरच एक लाखाच्या खाली निघाल्या. तरी पहिली शंका बी-१२ ची घ्यायची. बी-१२ कमी पडलं की हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही खाली येतात. एरवी त्यात तांबड्या पेशी मोठ्या होतात, पण लोहही कमी असेल तर लहान आणि मोठ्या मिसळून एमसीव्ही मधेच कुठं तरी राहतो आणि आरडीडब्ल्यू तेवढा वाढतो. स्मिअरमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्राचे पाचाहून जास्त तुकडे दिसले की बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडचा संशय पक्का होत जातो. 'आमच्याकडं तर मटण होतं' हे कोल्हापुरात हमखास ऐकायला मिळतं. होतं, पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण पाळून बाईच्या ताटात किती पडतं? फोडी पुरुषांना आणि पोरांना वाढून झाल्यावर उरतो तो रस्सा. लोह आणि बी-१२ फोडीत असतं.

बी-१२ आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासायच्या आधी मात्र ती बायोटिनची गोळी थांबवा. पुष्कळ मशीनांत हार्मोन आणि जीवनसत्त्वं मोजायची जी पद्धत आहे, तिच्यात बायोटिन हाच जोडणारा दुवा वापरलेला असतो. रक्तात ते मुबलक फिरत असलं की मोजणी गंडते, आणि गंमत म्हणजे सगळे आकडे एकाच दिशेनं चुकत नाहीत. थायरॉइडसाठी बघतात ते टीएसएच आणि फेरिटिन खोटे कमी दिसतात, बी-१२ आणि थायरॉइडचं टी-४ खोटे वाढलेले दिसतात. तुमचं टीएसएच ०.३ आलंय, त्यावर कुणी थायरॉइड वाढल्याची गोळी सुरू करण्याआधी ते पुन्हा व्हायला हवं. अमेरिकेच्या एफडीएनं याबद्दल २०१७ मध्ये इशारा दिला होता, तरी आपल्याकडं रक्त घेताना 'केसांची गोळी चालू आहे का' हे क्वचितच विचारतात. १० मिलिग्रॅम घेत असाल तर पूर्ण तीन दिवस बंद ठेवून चौथ्या दिवशी रक्त द्या. खरं म्हणजे ती कायमचीच बंद केलीत तरी बिघडणार नाही. बायोटिन कमी पडून केस गळणं फार विरळ. लोह कमी पडून गळणं घरोघरी आहे.

लोहासाठी फेरिटिन ही एक तपासणी पुरेशी आहे. मोठ्या माणसात १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला, ३० च्या खाली असेल तरी व्यवहारात कमतरताच धरतात. पण शरीरात कुठं सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन वर चढतं आणि साठा रिकामा असूनही ५०-६० दिसतं. सूज असली की वाढणारं तुमचं सीआरपी ३ आहे, म्हणजे सध्या तरी ही अडचण नाही. 'सीरम आयर्न' एकट्यावर जाऊ नका, ते सकाळ-संध्याकाळ बदलतं आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेतली असेल तर छान नॉर्मल येतं.

ईएसआर ५२ बघून घाबरलात. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते. बाईसाठी ढोबळ मर्यादा वयात १० मिळवून निम्मं करायचं: तुमच्यासाठी २३. पण पेशीच कमी असल्या की त्या भराभर खाली बसतात, त्यामुळं ॲनिमियात ईएसआर फुकट वाढतो. नळी जराशी कलली तरी वाढतो. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: ईएसआर वाढलेला आणि सीआरपी नॉर्मल ही जोडी ल्युपसमध्येही दिसते. म्हणून या जोडीवरून ना हो म्हणता येत, ना नाही. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्यावर ईएसआर पुन्हा करा, तेव्हा त्याला अर्थ येईल.

आरए फॅक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी बघतात ती अँटिबॉडी, २४, लॅबची मर्यादा १४. तिपटीच्या आत, म्हणजे 'कमी पॉझिटिव्ह'. हिपॅटायटिस सी, टीबी, वाढतं वय, अगदी काही धडधाकट माणसांतही इतका सापडतो. चिकुनगुन्यानंतर महिनोन् महिने बोटं दुखतात आणि तेव्हाही आरए फॅक्टर किंवा एएनए हलकं पॉझिटिव्ह येऊ शकतं. गेल्या पावसाळ्यात घरात कुणाला कडाडून ताप आणि सांधेदुखी झाली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. या आकड्यापेक्षा तुमची बोटं जास्त बोलतील. उठल्यावर मूठ पूर्ण वळायला किती वेळ लागतो? घड्याळ लावून आठवडाभर लिहून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत सैल होत असतील आणि संध्याकाळी चटणी कुटून, परातीत कालवून झाल्यावर दुखत असतील तर तो कामाचा ताण. अर्ध्या तासाच्या वर, बहुतेक तासभर आखडलेली राहत असतील, बोटांच्या मुळाचे सांधे फुगून मऊ लागत असतील, चारही बोटं आडवी धरून कुणी हलकं दाबलं तरी कळ येत असेल, तर ती सूज. तेव्हा अँटी-सीसीपी हे रक्त तपासायचं. ते आरए फॅक्टरपेक्षा कितीतरी नेमकं आहे, पॉझिटिव्ह आलं तर सहसा उगाच येत नाही. शेवटच्या पेराचे सांधे दुखत असतील तर तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात बहुधा नव्हे.

आता एएनए. ही तपासणी कशी होते हे कळलं की निम्मी भीती जाते. काचेच्या पट्टीवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी बसवलेल्या असतात, हेप-२ म्हणतात त्यांना. तुमचं सीरम १०० पट पातळ करून त्यांच्यावर सोडतात, अर्धा तास ठेवून धुतात, मग चमकणारा हिरवा रंग जोडलेलं दुसरं द्रव्य घालतात आणि अंधारात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तुमच्या सीरममध्ये पेशीकेंद्राला चिकटणारं काही असेल तर केंद्र हिरवं चमकतं. किती चमकतं ते माणूस डोळ्यांनी ठरवतो: १+ ते ४+. तुमचं १+, म्हणजे जेमतेम. दोन जाणकार तीच पट्टी बघून एक पायरी इकडेतिकडे सांगतील, त्यात कुणाची चूक नाही.

निरोगी माणसांत हे किती सापडतं? १९९७ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून निरोगी लोकांची रक्तं तपासली, तेव्हा १:८० ला सुमारे १३ टक्के पॉझिटिव्ह निघाले, १:१६० ला ५ टक्के, १:३२० ला साधारण ३ टक्के. तुमचा १:१०० पहिल्या दोहोंच्या मधला. म्हणजे भवानी मंडपात उभ्या असलेल्या, कसलाही त्रास नसलेल्या १,००० माणसांचं एएनए केलं तर १:८० ला १३० जण पॉझिटिव्ह येतील आणि त्यांत ल्युपस असलेलं फार तर एखादं माणूस सापडेल. उलटी बाजूही आहे. ल्युपस असलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं एएनए पॉझिटिव्ह असतं. त्यामुळं निगेटिव्ह आलं की ल्युपस बाजूला टाकायला ही तपासणी फार चांगली, पॉझिटिव्हवरून ल्युपस ठरवायला फार वाईट. थायरॉइडचा त्रास, टीबी, टीबीवरची आयएनएचची गोळी, यकृताचे आजार, सगळ्यांत ती पॉझिटिव्ह येऊ शकते. स्पेकल्ड म्हणजे ठिपकेदार, हा सगळ्यात सर्रास दिसणारा नमुना.

भाच्याचे १२ गुण बघू. त्यानं वापरलेली यादी २०१९ ची, युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी मिळून केलेली. १:८० किंवा जास्त एएनए हे तिचं प्रवेशद्वार, आत गेल्यावर १० गुण. त्यानं प्लेटलेट एक लाखाखाली म्हणून ४ दिले, सांध्यांचे ६, केस गळण्याचे २. पोरानं बेरीज बरोबर केलीय, पण यादीच्या माथ्यावरची अट सोडली: एखाद्या लक्षणाला ल्युपसपेक्षा जास्त पटणारं दुसरं कारण असेल तर त्याचे गुण धरायचे नाहीत. लोह कमी असताना केसांचे २ गेले, शिवाय ते डॉक्टरनं पाहिलेलं असावं लागतं. बोटं अर्धा तास आखडत नसतील आणि फुगत नसतील तर ६ गेले. प्लेटलेट नळीतल्या गुठळ्यांमुळं कमी दिसत असतील तर ४ गेले. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली आहेत याचे ३ मिळतात, पण बी-१२ कमी निघालं तर तेही जातील. आणि ही यादी बनली ती संशोधनात सारखे रुग्ण एकत्र करायला. दवाखान्यात निदान डॉक्टर करतात, यादी नाही.

लॅबवाले सांगतात ते एएनए प्रोफाइल म्हणजे पंधरा-सतरा वेगवेगळ्या अँटिबॉडींच्या रेघा असलेली पट्टी. पुन्हा तोच २० मध्ये १ चा खेळ: एखादी फिकी रेघ उमटते आणि तुम्ही नव्या आजाराचं नाव घेऊन घरी येता. तोंड सतत येणं, उन्हात गालावर चट्टे, थंडीत बोटं आधी पांढरी मग निळी पडणं, डोळे-तोंड कोरडं पडणं, लघवीत प्रथिनं, असं काही असेल तर ती जरूर करावी. तेव्हाही आधी डीएस-डीएनए आणि सी३, सी४ या ल्युपससाठीच्या रक्ततपासण्या. काही जुन्या दरपत्रकांवर अजून 'एलई सेल' ही ल्युपसची जुनी तपासणी दिसते. १९४८ मध्ये ती शोधली तेव्हा मोठी गोष्ट होती, आज तिच्यावर पैसे घालवू नका. आणि एएनए पुन्हा पुन्हा करू नका, त्याचा आकडा खाली-वर झाल्यानं आजाराचं काही कळत नाही.

पॅकेजमध्ये ७२ तपासण्या होत्या, पण लघवीची साधी तपासणी नव्हती. याचा मला खरंच राग येतो. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाला इजा होते तेव्हा सुरुवातीला काहीही दुखत नाही. कळतं ते लघवीतून, आणि ही तपासणी सगळ्यात स्वस्त. पाळी संपून तीन-चार दिवस गेल्यावर सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, तासाभरात लॅबला पोचवा. सोबत प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो मागा. तो ०.५ च्या वर आला किंवा लघवीत तांबड्या पेशी दिसल्या, तर मी वर लिहिलेलं सगळं 'थांबा' मागं घेतो. त्या दिवशीच डॉक्टरकडं जायचं.

कुणी कूम्ब्ज टेस्ट सांगितली तर? १९४५ पासूनची ही तपासणी तांबड्या पेशींवर अँटिबॉडी बसल्यात का ते बघते. ती तेव्हा करायची जेव्हा पेशी फुटत असल्याची चिन्हं असतात: रेटिक (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींचा टक्का) वाढलेला, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात येणारं द्रव्य) वाढलेला, साधं न जोडलेलं बिलिरुबिन वाढलेलं. तुमचं बिलिरुबिन ०.६ आहे, नॉर्मल. रेटिक तेवढा करून घ्या, त्याच जांभळ्या नळीतून होतो. मात्र आलेली टक्केवारी जशीच्या तशी वाचू नका, तिला हिमॅटोक्रिटनं (रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का) गुणून ४५ नं भागा. तुमचा हिमॅटोक्रिट २९.७ आहे. रेटिक २ टक्के आला तर खरा १.३. म्हणजे रक्त तयार करणारी हाडातली मज्जा जोर लावत नाहीये, कच्चा माल नाही. एलडीएच एकटा वाढलेला आला तर नळीतच रक्त फुटलं होतं का ते आधी विचारा, पोटॅशियमही वाढलेलं असेल तर बहुधा तेच.

नणंदबाईंच्या शंकेबद्दल. रक्ताच्या कॅन्सरची भीती स्मिअरच बहुतेक वेळा दूर करतो किंवा खरी ठरवतो, म्हणून पॅथॉलॉजिस्टच्या शेऱ्यात 'अपरिपक्व पेशी किंवा ब्लास्ट नाहीत' हे वाक्य बघा. मज्जेची तपासणी सध्या नको. ब्लास्ट दिसले, प्लीहा वाढलेली लागली, किंवा लोह आणि बी-१२ भरूनही तिन्ही पेशी खालीच राहिल्या तरच तिचा विचार.

तेव्हा क्रम असा धरा. आज बायोटिन बंद. सांधेदुखीसाठी कुणी दिलेली बिनलेबलची पुडी घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा, तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ते लपवून केलेले रिपोर्ट दिशाभूल करतात आणि महिनोन् महिने घेतलेलं एकदम सोडणंही धोक्याचं. लोहाची गोळी अजून सुरू केली नसेल तर रक्त देईपर्यंत चार दिवस थांबा. चौथ्या दिवशी सकाळी सीबीसी, निळ्या नळीतला काउंट, स्मिअर, रेटिक, फेरिटिन, बी-१२, टीएसएच आणि लघवी. एएनएला किंवा यातल्या कशालाच उपाशी राहायची गरज नाही, मात्र चहा-नाश्ता झाल्यावर लगेच नको. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब निवडताना एक लक्षात ठेवा, मान्यता तपासणीनिहाय असते. पाटीवर चिन्ह असलं तरी एखादी तपासणी तिच्या यादीत नसू शकते, काउंटरवर विचारलं की सांगतात.

रिपोर्ट घेऊन आधी एमडी मेडिसिनच्या डॉक्टरांकडं जा, सीपीआर या सरकारी रुग्णालयाची मेडिसिन ओपीडीही चालेल. पाळीत किती दिवस, किती पॅड, गाठी पडतात का, हे लिहून न्या. मूळव्याध आणि जंत यांचंही सांगा. लोह गेलं कुठं हे सापडलं नाही तर गोळी संपल्यावर पुन्हा तेच. उपचार सुरू झाल्यावर महिन्यात हिमोग्लोबिन किमान १ नं चढायला हवं. चढलं तर निदान बरोबर होतं, आणि नंतरही साठा भरायला गोळी तीन महिने चालते. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. नाही चढलं तर गोळी पोटात नीट शोषली जातेय का इथपासून पुन्हा विचार. मिरजेची किंवा पुण्याची गाडी पकडायची वेळ येते ती बोटं खरंच फुगलेली असतील, लघवीत दोष असेल किंवा निळ्या नळीतही प्लेटलेट कमी आणि बी-१२ मात्र ठीक असेल तेव्हा. सांध्यांसाठी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, पेशींसाठी हिमॅटॉलॉजिस्ट, दोघांकडं एकदम नको.

हातापायावर दाबूनही न विरणारे लाल बारीक ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून थांबेना असं रक्त, कोकमासारखी लालसर लघवी, पाय आणि चेहरा सुजणं, एकाच पोटरीला सूज आणि कळ, बसल्या जागी धाप, फिट. यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, थेट सीपीआरच्या अपघात विभागात जायचं, रात्री दोन वाजले असले तरी.

मुलीचं विचारलंत. एएनए अजिबात नको. तिला काही त्रास नाही, आणि निष्कारण पॉझिटिव्ह आलं तर ते लेबल पोरीला वर्षानुवर्षं चिकटेल. एक सीबीसी मात्र करा, कारण घरातलं ताट तुम्हा दोघींचं एकच आहे आणि तिची पाळी आता सुरू होईल. तुमचा एचबीए२ पुढं वाढलेला निघालाच, तर तिचाही तेव्हा बघू.